बंद हंगामातलं मूल

लग्नाला वर्ष झालं तेव्हा नवऱ्यानं आणि मी मूल कधी व्हावं हे साखर कारखान्याच्या वेळापत्रकावरून ठरवलं. पत्रिका, पंचांग, डॉक्टर हे सगळे नंतर. आधी गाळप हंगाम.

आम्ही दोघंही एकाच कारखान्याच्या लॅबमध्ये केमिस्ट. इंदापूर तालुक्यात कारखाने एकाहून जास्त आहेत आणि प्रत्येकाला आपण एकटेच आहोत असं वाटतं, त्यामुळे कोणता ते सांगून बाकीच्यांचं मन मोडत नाही. उसाचा रस आला की त्यात साखर किती आहे ते आम्ही मोजतो. त्या आकड्यावर शेतकऱ्याचा भाव, अधिकाऱ्यांची झोप आणि चेअरमनसाहेबांचं भाषण अशा तीन गोष्टी अवलंबून असतात. दोघांची मुलाखत एकाच दिवशी झाली होती. माझे मार्क जास्त, म्हणून यादीत माझं नाव त्याच्या नावाच्या एक ओळ वर. लग्नानंतर घरात मी त्याला अहो म्हणायला लागले, लॅबमध्ये तो तूच राहिला. यादीतली ओळही राहिली.

आम्ही हंगामी होतो. दिवाळीच्या आसपास बॉयलर पेटला की कामावर, आणि पट्टा पडला, म्हणजे गाळप संपलं, की घरी. कायम व्हायचं तर सलग तीन हंगाम पुरे करायचे, पहिल्या दिवसापासून पट्टा पडेपर्यंत. ताप आला तर एक-दोन दिवस कुणी धरत नसे, पण शेवटच्या दिवशी मस्टरवर सही हवीच. मध्येच सुटला तो यादीच्या तळाला. ही अट कुठंही लिहिलेली नव्हती, त्यामुळे ती बदलून घ्यायची सोयही नव्हती. आमचा तिसरा हंगाम संपताच लॅबमधले सगळ्यांत जुने केमिस्ट निवृत्त होणार होते. जागा एक. यादीत पहिली मी, दुसरा नवरा.

पट्टा सहसा मार्चच्या मध्याला पडतो. म्हणून मूल एप्रिलच्या पुढं यायला हवं होतं, बंद हंगामात. माझे सासरे, आबा, ऊस लावतात तसं डाळिंबही करतात. बहार कधी धरायचा, झाडाचं पाणी किती दिवस तोडायचं आणि कधी सोडायचं, हे ते वहीत लिहून ठेवतात आणि बाजारात माल नसताना त्यांचा माल येतो. त्यांच्याच घरात राहून आम्ही माणसाच्या पोराबद्दल तेवढाच विचार केला, यात मला गैर वाटलं नाही. घरात मात्र बोललो नाही. डाळिंबाबद्दल चारचौघांत बोलता येतं.

नवऱ्याला हे गणित माझ्याइतकंच पाठ होतं, पण ते त्याच्याविषयी नव्हतं. मूल ऐन डिसेंबरात झालं असतं तरी त्याचा हंगाम पुराच होणार होता. हे त्या वेळी आम्हा दोघांपैकी कुणीच बोलून दाखवलं नाही. इतकं उघड होतं की दिसलंच नसावं.

बारामतीच्या डॉक्टरीणबाईंनी एप्रिलचा दुसरा आठवडा सांगितला. पट्टा आणि बाळ यांच्यात जवळजवळ महिना मोकळा होता. स्वतःच्या हुशारीवर मी तेवढी खूश पुन्हा कधी झाले नाही.

त्या वर्षी पाऊस चांगला झाला होता आणि ऊस असा माजला होता की बांध दिसत नव्हते. जानेवारीत कारखान्यावर कसल्याशा टाकीचं पूजन झालं. व्यासपीठावर एकोणीस माणसं, त्यांचे एकोणीस सत्कार, आणि सत्कार करणाऱ्यांचेही सत्कार. पत्रिकेत ‘सुवासिनींच्या हस्ते औक्षण’ असं छापलेलं होतं. कारखान्यात नोकरीला असलेल्या आम्ही तिघी बायका, म्हणून त्या दिवशी आमचं पद सुवासिनी. सहा महिन्यांचं पोट सांभाळत मी एकोणीस जणांना ओवाळलं. त्यातल्या काहींना मी लॅबमध्ये काम करते हे माहीत नव्हतं. एकानं तबकात दहाची नोट टाकली.

मग चेअरमनसाहेब बोलायला उभे राहिले आणि म्हणाले, सभासदाच्या शेतातलं शेवटचं टिपरू गाळल्याशिवाय पट्टा पडू देणार नाही. मंडपात टाळ्या थांबेनात. तिसऱ्या रांगेत माझे सासरेही टाळ्या वाजवत होते. त्यांच्या मागच्या रानातला दीड एकर ऊस तेव्हा उभाच होता. मी तबकाखाली बोटांची पेरं मोजत होते. महिनाभराची मोकळी जागा त्या एका वाक्यानं भरून टाकली होती.

टाइम ऑफिसच्या भिंतीवर एक काळा फळा आहे. शेतकी विभागाचा माणूस रोज सकाळी त्यावर शिल्लक ऊस किती आणि पट्टा अंदाजे कधी हे खडूनं लिहितो. फेब्रुवारीपासून मी मस्टरवर सही करण्याआधी तो फळा वाचू लागले. ऊस रोज गाळला जायचा आणि शिल्लक आकडा कमी होण्याऐवजी मध्येच वर जायचा, कारण नोंदच न केलेला ऊस कुणाच्या ना कुणाच्या रानात सापडायचा. मार्च संपता संपता फळ्यावर एप्रिलचा पहिला आठवडा लिहिला गेला. मग तो पुसून दुसरा.

लॅबमध्ये आणखी एक भानगड होती. रस नितळ करायला त्यात शिशाची पांढरी पूड टाकावी लागते. शिसं पोटातल्या बाळाला वाईट हे मला पुस्तकातून ठाऊक होतं आणि डॉक्टरीणबाईंनीही बजावलं. नवऱ्यानं ते काम न सांगता आपल्याकडं घेतलं. पूड तो टाकायचा, गाळण तो करायचा, मी आकडे वाचायचे आणि हिशेब मांडायचे. चार महिने त्यानं स्वतःचं आणि माझं, दोघांचं शिशाचं काम केलं. मी त्याला धन्यवाद दिले नाहीत, नवऱ्याला कोण देतं, पण मनातून फार बरं वाटलं होतं. ती मदत सगळ्या लॅबच्या देखत होते आहे आणि बघणारे तिचा वेगळा अर्थ लावू शकतात, हे मला सुचलं नाही.

मार्चमध्ये एकदा मी लेबर ऑफिसरांकडे गेले. त्यांनी मला पहिल्यांदाच खुर्ची दिली. प्रसूती रजेचं विचारलं तर ते अगदी मोकळेपणानं म्हणाले, “कायदा आहेच की, मॅडम. नाही कोण म्हणतंय. आजपासून घ्या, पगारी घ्या.”

मी विचारलं, रजा घेतली तर हंगाम पुरा धरणार का.

त्यांनी पेनाचं टोपण लावलं, काढलं, परत लावलं. “ते संचालक मंडळ बघंल. असा अर्जच आजवर आला न्हाय ना. लॅबमध्ये बाई होती कुठं?” मग आवाज खाली आणून, माझ्या भल्याचं सांगावं तसं म्हणाले, “आणि तुमच्या खाली मिस्टरांचंच नाव हाय. म्हणजे जागा काय घराबाहेर जात न्हाय.”

मी अर्ज दिला नाही. कायदा मी वाचलेला होता, मोबाइलवर, कलमांसकट. पण आमच्या भागात माणूस कायद्यापेक्षा मस्टरवर जास्त विश्वास ठेवतो, आणि मीही इथलीच. अर्ज दिला तर मंडळ त्यावर विचार करणार. पट्टा पडेपर्यंत उभी राहिले तर विचार करायला कुणाला काही उरणारच नाही. असं मी स्वतःला पटवलं. शिकलेल्या माणसाला स्वतःला पटवणं सोपं जातं.

घरी रात्रीच्या जेवणाला सासरे आणि मी समोरासमोर बसत असू. त्यांना कारखाना चालू राहायला हवा होता आणि मला तो बंद व्हायला. दोघंही एकाच टोपलीतली भाकरी मोडत होतो. मागच्या रानातल्या उसाला तुरे आले होते, वजन घटत होतं, तोडणीची टोळी येत नव्हती. सासूबाई अधूनमधून माझ्या पायांची सूज बघायच्या आणि भाजीतलं मीठ कमी करायच्या.

एके दिवशी सासरे म्हणाले, “तू तितंच असतीस. शेतकी हापिसात जरा शब्द टाक की. आमी गेलं तर उद्या या म्हनत्यात.”

माझ्या लक्षात आलं की आमचा ऊस तुटला तर शिल्लक तेवढी तरी कमी होईल. दुसऱ्या दिवशी मी शेतकी अधिकाऱ्यांच्या टेबलासमोर जाऊन उभी राहिले. ते माझ्याकडं बघून घाईनं उठले, बसा म्हणाले, पाणी मागवलं, आणि मी ऊस हा शब्द उच्चारण्याआधीच गावाचं नाव विचारून टोळी लावून टाकली. दोन दिवसांत मागचं रान मोकळं झालं. गावात सासऱ्यांचं वजन वाढलं. सूनबाईनं काम केलं, असं ते चावडीवर सांगत होते. फळ्यावर त्या दिवशी आकडा पुन्हा वर गेलेला होता.

शेवटी एका सोमवारी फळ्यावर पक्की तारीख आली. येता शनिवार. खाली रेघ ओढलेली होती. मी ती तारीख तीनदा वाचली. मंगळवारी सकाळी तपासणीसाठी बारामतीला जायचं होतं. नवऱ्याची पाळी दुपारची होती, म्हणून तोही मोटारसायकलवरून आला, सासूबाई माझ्याबरोबर भाड्याच्या गाडीत. नरसिंहपूरच्या वाटेवरच्या आमच्या गावापासून बारामती म्हणजे दीड तास, आणि मध्ये उसाच्या ट्रॉल्या असल्या तर दोन. प्रत्येक ट्रॉलीला ओव्हरटेक करताना मला बरं वाटत होतं, तेवढा ऊस संपला म्हणून.

डॉक्टरीणबाईंनी रक्तदाब घेतला. थोडं थांबून परत घेतला. मग मशीन बाजूला ठेवून म्हणाल्या, “आज ॲडमिट व्हायचं. आत्ता. ऑपरेशन करावं लागेल.”

मी म्हटलं, “चार दिवस नाही का थांबता येणार?”

“चार दिवसांनी काय होणार आहे?”

“पट्टा पडणार आहे.”

दुसऱ्या कुठल्या गावात डॉक्टरला हे समजावून सांगावं लागलं असतं. त्या म्हणाल्या, “माझे सासरेपण सभासद आहेत. पण तुमचं प्रेशर त्यांच्या चेअरमनला विचारून चढत नाही. झटका आला तर तुम्ही, बाळ, दोघं हातातून जाल. बोला.”

दोन-तीन क्षण मी खरोखर विचार करत होते, हे लिहायला लाज वाटते, पण करत होते. शनिवारी सकाळी मस्टरवर एक सही. गाडीतून जायचं, सही करायची, गाडीतून यायचं. ऑपरेशननंतर चौथ्या दिवशी बायका चालतात की.

सासूबाई बाकावरून उठल्या. घरात त्या कुणाच्या आधी बोलत नाहीत. “कागद कुठं हाय?” त्यांनी नर्सला विचारलं. “मी अंगठा देते. हिला इचारू नका, हिचं ध्यान फळ्याकडं हाय.”

फळ्याचं मी घरात कधी सांगितलं नव्हतं. त्यांना सगळं ठाऊक होतं.

कागदावर सही मीच केली. नवरा दाराशी उभा होता. त्याची पाळी चारला सुरू होत होती. तो थांबला तर आजची पाळी बुडणार, उद्याचीही बुडणार, चार दिवस असेच गेले तर शनिवारची सहीही, आणि त्याच्या हंगामाचंही माझ्यासारखंच होणार. त्यानं विचारलं, “मी थांबू का?” विचारताना हेल्मेट हातात होतं की खाली ठेवलेलं होतं, हे आठवायचा मी पुष्कळ प्रयत्न केला आहे.

मी म्हणाले, “जा. दोघांतल्या एकाचा तरी हंगाम पुरा होऊ दे.”

तो गेला. मुलगी दुपारीच झाली. आकारानं लहान, पण आवाज सगळ्या मजल्याला पुरेल असा. तो मध्यरात्री पाळी संपवून, थेट कारखान्यावरून आला. अंगाला मळीचा वास होता आणि तिला हात लावायला घाबरत होता.

पट्टा शनिवारी पडला. सांगितलेल्या दिवशी सांगितलेली गोष्ट कारखान्यानं केल्याचं मला हे एकच उदाहरण माहीत आहे.

नवऱ्यानं लॅबमध्ये पेढे वाटले. चेअरमनसाहेबांनी पाठीवर थाप मारली, लक्ष्मी आली म्हणाले, आता संसाराची जबाबदारी वाढली म्हणाले. पंधरा दिवसांत त्याला कायम झाल्याचं पत्र मिळालं. लेबर ऑफिसरांनी त्याला सांगितलं की त्यानं हंगामाच्या उत्तरार्धात दोन माणसांचं काम केल्याचं मंडळाच्या नजरेस आलं होतं. दोन माणसांतलं दुसरं माणूस म्हणजे मी. मी माहेरी, बारामतीत, मुलीला मांडीवर घेऊन हे ऐकलं. मूल तर दोघांना झालं होतं. त्याच्या बाबतीत तीच गोष्ट नोकरी देण्याचं कारण ठरली आणि माझ्या बाबतीत नोकरीची आता गरज नसल्याचं. भेटायला आलेली प्रत्येक बाई मला म्हणत होती, आता तुझे हात भरले.

त्या आठवड्यात मी अर्ज लिहिला. मार्चमध्ये लिहायला हवा होता तोच, एप्रिलअखेर लिहिला. कायद्यानं प्रसूती रजा माझी आहे, त्या रजेमुळे सेवेत खंड धरता येत नाही, सबब माझा हंगाम पुरा धरून यादीतल्या क्रमानं जागा द्यावी. सव्वा महिना मला घराबाहेर पडू देणार नव्हते. कारखान्यात अर्ज नेऊन देणारं माणूस एकच होतं.

रविवारी तो आला तेव्हा मी कागद त्याच्या हातात दिला. त्यानं उभ्यानं वाचला, मग बसून वाचला.

“हे मान्य झालं तर माझं पत्र रद्द होतंय.”

“हो.”

“आबांना काय सांगायचं?”

“जे लिहिलंय ते.”

त्यानं घडी न करता कागद पिशवीत, वहीच्या आत ठेवला. पुढचा आठवडा मी कसा काढला ते मला माहीत. तो अर्ज देईल यावर माझा विश्वास होता असं म्हणणं खोटं होईल. देणार नाही असंही वाटत नव्हतं. बाळाला घेऊन मी खिडकीशी बसायचे आणि फोन आला की नाव न बघता उचलायचे.

त्याचा फोन आला नाही, पण सासरे स्वतः आले. टॉवेलात बांधलेली डाळिंबं पुढं ठेवली, नातीच्या मुठीत नोट दिली, आणि मग माझ्याकडं न बघता म्हणाले, “नवऱ्याच्या इरुद्ध अर्ज. पावण्यारावळ्यांत काय तोंड दाखवायचं? तू काय आन तो काय, पगार घरातच येनार ना.”

मी म्हणाले, “आबा, घरातच यायचा असेल तर माझा आला म्हणून काय बिघडतंय?”

ते नातीच्या मुठीतली नोट नीट करत बसले. त्यांच्या बोलण्यावरून मला कळलं की अर्ज पोचला होता.

जूनमध्ये मंडळाचं उत्तर आलं. मी तोवर सासरी परतले होते. पत्र सासऱ्यांनीच फोडलं आणि ओसरीवर सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचलं. मातृत्वाचा गौरव, महिला सक्षमीकरण, संस्थेची उज्ज्वल परंपरा, असं सगळं होतं. मग ‘विशेष बाब म्हणून’ माझा तिसरा हंगाम पुरा धरण्यात येत आहे. सासऱ्यांनी चष्मा काढला. “बघ. मान्य केलं की त्यांनी.”

“आणि जागा?” मी विचारलं.

त्यांनी कागद उलटा करून पाहिला. मागं काही नव्हतं. नवरा म्हणाला, “जागा भरलेली हाय. तुला म्होरची जवा निघंल तवा.”

सासरे उठून रानाकडं गेले. सासूबाई मुलीला घेऊन आत गेल्या. मी त्याला विचारलं, घरात असूनही अहो न म्हणता विचारलं, “तू सोडशील?”

तो लगेच नाही म्हणाला असता तर मला राग धरता आला असता. तो पायरीवर बसला. पत्र हातात घेऊन पहिल्या ओळीपासून वाचत गेला. मग म्हणाला, “मी सोडली तर ती तुलाच देतील असं हितं कुठं लिवलंय?”

मी त्याच्या हातातून पत्र घेतलं आणि मीही वाचलं. खरोखरच तसं कुठं लिहिलेलं नव्हतं. त्यानं सोडली असती तर ती आमच्या खालच्यालाही देता आली असती, आणि दोघंही हंगामी राहिलो असतो.

“राहू दे,” मी म्हणाले.

पुढची जागा दोन हंगामांनी निघाली आणि मी कायम झाले. मुलगी आता शाळेत जाते. तो आणि मी एकाच बाकावर तेच नमुने तपासतो. पगारवाढ, बढती, जे जे निघतं त्यात तो माझ्या दोन वर्षं पुढं आहे, आणि ते अंतर तसंच राहणार. दोघांनी कितीही चांगलं काम केलं तरी ते भरून निघायची सोय नाही. लेबर ऑफिसर अजून तेच आहेत. परवा जाता जाता त्यांनी नवऱ्याला हसून विचारलं, दुसऱ्याचं कधी मनावर घेताय. तो म्हणाला, “हिला इचारा.” त्यांनी मला विचारलं नाही.